कोंड्यावरची बुरशी : जोकिची ताकामिने

माझी आजी जळगावकडची. उन्हाळ्यात तिच्या घरी बिबड्यांसाठी ज्वारी भिजत पडते. दोन-तीन दिवसांनी पातेल्याला असा आंबूस वास सुटतो की आम्ही नातवंडे नाक धरूनच स्वयंपाकघरात जातो; आजी मात्र तो वास आला की समाधानाने पुढच्या कामाला लागते. मी कलाशाखेचा विद्यार्थी. त्या पातेल्यात डोळ्यांना न दिसणारे जीव दाण्याचे पिष्ट फोडत असतात आणि त्यासाठी ते विकर, म्हणजे एंझाइम, तयार करतात, हे मला विज्ञानशाखेतल्या मित्राने सांगितले. त्याच्याच तोंडून ताकामिने हे नाव प्रथम ऐकले.

जोकिची ताकामिने यांचा जन्म 1854 साली जपानमधील ताकाओका येथला. बालपण कानाझावात गेले. वडील वैद्यकी करीत, तर आईचे माहेर साके गाळणाऱ्यांचे. मला हे दुसरे घर अधिक महत्त्वाचे वाटते. युरोपात दारूसाठी जवाला मोड काढतात. मोड फुटताना दाण्यात डायस्टेज नावाचे विकर तयार होते आणि ते पिष्टाची साखर करते. जपानी लोक तांदळाला मोड काढत बसत नाहीत. ते शिजवलेल्या तांदळावर एक पिवळसर हिरवी बुरशी वाढवतात, तिला कोजी म्हणतात. तेच काम ती बुरशी करते. आजोळी हे रोजचे असल्यामुळे मुलाला त्याचे नवल वाटले नसावे!

लहान वयातच त्यांना परकी विद्या शिकण्यासाठी नागासाकीला पाठवले गेले. पुढे 1879 मध्ये तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि नंतर ग्लासगोला जाऊन शिकले. परत येऊन सरकारी नोकरी. 1884 साली न्यू ऑर्लिन्सच्या कापूस प्रदर्शनाला सरकारने त्यांना धाडले. तेथे कॅरोलिन हिच या तरुणीशी ओळख झाली आणि 1887 मध्ये विवाह. आपल्या खानदेशात कापसाने कितीकांची कर्जे केली आणि कितीकांची लग्ने लावली, त्यात हेही एक धरावे.

1890 साली ते अमेरिकेत गेले. त्यांची कल्पना अशी होती, की व्हिस्कीसाठी महागडे मोडाचे जव कशाला? पिठाच्या गिरणीतला गव्हाचा कोंडा ओला करून वाफवावा, थंड झाल्यावर त्यावर कोजीचे बीजाणू टाकावेत आणि उबदार खोलीत पसरून ठेवावा. दोनेक दिवसांत बुरशी कोंडाभर पसरते आणि मोडाच्या जवापेक्षा जोरदार डायस्टेज मिळते. इलिनॉयमधील पिओरिया येथे प्रयोग सुरू झाले. मोड काढणारे धंदेवाले खवळले. 1891 मध्ये कारखान्याला आग लागली आणि सारे भस्म झाले. आग मुद्दाम लावली असावी, असा संशय पुष्कळांनी घेतला आहे. त्याच सुमारास यकृताच्या दुखण्याने ताकामिने मरणाच्या दारी पोहोचले.

येथे लेखक मंडळी मोड काढणाऱ्यांना खलनायक ठरवून पुढे जातात. मला ते जमत नाही. माझे आजोबा धुळ्याच्या एका कापडगिरणीत खळ उतरवण्याच्या खात्यात होते. गिरणी बंद पडली, हिशेबाचे पैसे पुरते हाती आले नाहीत, आणि त्यांनी भाजीची हातगाडी धरली. धंदा बुडण्याची भीती काय असते, ते मी घरात पाहिले आहे. आग लावणे हे पापच. पण भीती खोटी नव्हती.

ताकामिने व्हिस्कीत हरले, पण कोंडा त्यांनी सोडला नाही. कोंड्यातले विकर पाण्यात उतरवून घ्यायचे आणि त्या पाण्यात अल्कोहोल घालून चूर्णरूपाने खाली बसवायचे, ही रीत त्यांनी बसवली. 1894 साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले. सूक्ष्मजीवापासून विकर काढण्याचे ते त्या देशातले पहिले पेटंट मानतात. डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस कंपनीने ते अपचनावरचे औषध म्हणून ताकाडायस्टेज या नावाने विकले. आजही पाचक गोळीच्या वेष्टनावर फंगल डायस्टेज हे शब्द सापडतात.

गिरणीतही हे विकर शिरले. विणताना ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ देतात. रंगवण्यापूर्वी ती काढावीच लागते. आम्लाने काढली तर सूतही खंगते. विकर फक्त पिष्ट खाते, कापसाला शिवत नाही. आजोबा सांगतात, पिंपातले तपकिरी पाणी कोमट हौदात ओतून तागे रात्रभर मुरवत. त्या पाण्याचा वास आजीच्या पातेल्याची आठवण करून देई. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथे एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत. तेथे आता ते ऐकू येत नाहीत.

पुढे 1900 साली केइझो उएनाका या मदतनिसाच्या साथीने ताकामिने यांनी अॅड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळे केले. कीर्ती त्याचीच अधिक झाली. हातचे काम मात्र बरेचसे उएनाकांचे होते, हे सांगायला हवे. 1922 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे निधन झाले. एवढी वर्षे राहूनही त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकले नाही. जपानी माणसाला ते देण्याची तेव्हाच्या कायद्यात सोयच नव्हती.

आजोबांना हे सारे वाचून दाखवले. अॅड्रेनलिनचे त्यांना फारसे काही वाटले नाही. मोड काढणाऱ्यांचे पुढे काय झाले, एवढेच त्यांनी विचारले. व्हिस्कीला अजूनही मोडाचे धान्यच वापरतात, असे मी सांगितले.