इंदूर कंपोस्टमागचा माणूस : अल्बर्ट हॉवर्ड

कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तुम्ही ऐकली असेल, कदाचित तसा खड्डाही भरला असेल. ती मांडणारे अल्बर्ट हॉवर्ड १८७३ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मले. केंब्रिजला शिकून १९०५ साली ते बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून पुसा ४, पुसा १२ असे गव्हाचे वाण दिले.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषध न मारताही बरीचशी निरोगी असतात, हे हॉवर्ड यांच्या नजरेत आले. मग शिकवायला आलेला हा माणूस शेतकऱ्यांची जमीन राखण्याची आणि मिश्र पिके पेरण्याची रीत बारकाईने पाहू लागला. कीड म्हणजे जमीन किंवा वाण चुकल्याची खूण, असे त्यांचे मत झाले. सकस चाऱ्यावरचे आपले बैल लाळ्या-खुरकुत झालेल्या जनावरांशेजारी राहूनही आजारी पडले नाहीत, असेही त्यांनी लिहिले. (यावरून तुम्ही लसीकरण मात्र टाळू नका, तो नीट आखलेला प्रयोग नव्हता.)

१९२४ साली ते इंदूरला गेले. तिथे कापसाचे रान आणि खताची ओढ. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात. मग थोड्या शेणात जास्त खत कसे करायचे? चीनमधील शेतकऱ्यांची जुनी रीत आणि इथल्या गोठ्याचा अनुभव त्यांनी एकत्र आणला. पराट्या-तुराट्या गाडीवाटेवर टाकायच्या, म्हणजे चाकाखाली चुरडतात. तो चुरा गुरांखाली अंथरायचा. गोठ्यातील मूत्र मुरलेली माती, राख आणि शेणकाला यांसह थर द्यायचे. काड्या कुजायला नत्र लागतो, तो या मूत्रमातीतून मिळतो. आपल्याकडे बहुधा हाच वाया जातो. तीन वेळा चाळवणी केली की सुमारे ९० दिवसांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग.

या कामात रसायनतज्ज्ञ यशवंत वाड त्यांच्यासोबत होते. दोघांचे पुस्तक १९३१ साली निघाले. त्याच्या आदल्या वर्षी गॅब्रिएल वारल्या होत्या, आणि १९३१ सालीच हॉवर्ड मायदेशी परतले. १९४७ साली त्यांचे निधन झाले. पद्धतीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, इंदूरचे दिले.