हान्स क्रेब्स

सर हान्स ॲडॉल्फ क्रेब्स (२५ ऑगस्ट १९०० – २२ नोव्हेंबर १९८१) हे जर्मनीत जन्मलेले ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पेशींतील ऑक्सिश्वसनाचा गाभा असलेल्या सायट्रिक आम्ल चक्राचा शोध त्यांनी लावला. हे चक्र क्रेब्स चक्र या नावानेही ओळखले जाते.

जीवन

क्रेब्स यांचा जन्म हिल्डेसहाइम येथे ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील कान, नाक व घशाचे शल्यचिकित्सक होते. वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर क्रेब्स यांनी १९२६ ते १९३० या काळात बर्लिन येथे ओटो वारबुर्ग यांचे साहाय्यक म्हणून काम केले. ऊतींचे पातळ काप किती ऑक्सिजन शोषतात हे मोजण्याचे तंत्र त्यांनी तेथे आत्मसात केले. १९३२ मध्ये फ्रायबुर्ग येथे कुर्ट हेन्सेलाइट यांच्यासह त्यांनी यकृतातील युरियानिर्मितीचे चक्र उलगडले. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीत ज्यू असल्यामुळे त्यांना पदावरून काढण्यात आले. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या निमंत्रणावरून ते केंब्रिजला गेले व १९३५ मध्ये शेफील्ड विद्यापीठात रुजू झाले.

सायट्रिक आम्ल चक्र

शेफील्ड येथे क्रेब्स व विल्यम जॉन्सन यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग केले. या उड्डाणस्नायूंत श्वसनाचा वेग फार मोठा असतो. त्यांत थोडेसे सायट्रिक आम्ल मिसळले असता, त्या आम्लाच्या स्वतःच्या ऑक्सिडीकरणाला लागेल त्याहून बराच अधिक ऑक्सिजन वापरला गेला. ऑक्झॅलोॲसेटिक आम्लापासून स्नायूत सायट्रिक आम्ल पुन्हा तयार होते, हेही त्यांना आढळले. त्यावरून ही अभिक्रियांची सरळ साखळी नसून चक्र आहे, असे त्यांनी अनुमान काढले. १९३७ मध्ये नेचर या नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला. त्याच वर्षी तो एन्झायमोलॉजिया या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अन्नघटकांपासून मिळणारा दोन कार्बनचा ॲसेटिल गट चार कार्बनच्या ऑक्झॅलोॲसेटिक आम्लाशी जोडला जाऊन सहा कार्बनचे सायट्रिक आम्ल बनते. प्रत्येक फेरीत कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बाहेर पडतात आणि ऑक्झॅलोॲसेटिक आम्ल पुन्हा मिळते. या फेरीत वेगळे झालेले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंमार्फत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्या वेळी मुक्त होणाऱ्या ऊर्जेवर पेशीतील बहुतांश एटीपी तयार होते. ॲसेटिल गट चक्रात आणणाऱ्या सहविकर-एचा शोध फ्रिट्झ लिपमान यांनी लावला.

सन्मान व उत्तरायुष्य

क्रेब्स व लिपमान यांना १९५३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९५४ मध्ये क्रेब्स ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक झाले. १९५८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९६७ मध्ये निवृत्त झाल्यानंतरही त्यांनी ऑक्सफर्ड येथे अखेरपर्यंत संशोधन चालू ठेवले.