ए. फिलिप रॅन्डॉल्फ

आसा फिलिप रॅन्डॉल्फ (जन्म : क्रेसेंट सिटी, फ्लोरिडा, १५ एप्रिल १८८९, मृत्यू : न्यू यॉर्क, १६ मे १९७९) हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कामगार नेते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला. त्यामुळे युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील वर्णभेदाविरुद्ध आदेश काढणे अमेरिकी सरकारला भाग पडले. तो मोर्चा मात्र प्रत्यक्षात निघाला नाही.

पूर्वायुष्य

वडील जेम्स हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. पण तेवढ्यावर चरितार्थ चालत नसल्याने शिवणकामही करीत. रॅन्डॉल्फ यांचे बालपण जॅक्सनव्हिल येथे गेले. तेथील तुरुंगात असलेल्या एका कृष्णवर्णीयाला जमाव फासावर चढवणार, अशी वार्ता एका रात्री आली. तेव्हा वडील पिस्तूल घेऊन इतरांसह तुरुंगाच्या रक्षणास गेले आणि आई मांडीवर बंदूक ठेवून रात्रभर घरी जागत बसली. एकजूट केली तर जमावही मागे हटतो, हा धडा त्यांना घरातच मिळाला.

१९११ मध्ये ते नट होण्याच्या इच्छेने न्यू यॉर्कला गेले. घरच्यांच्या विरोधामुळे ते स्वप्न मागे पडले. पण धीरगंभीर आवाज व स्वच्छ उच्चार ही कमाई त्यांना जन्मभर पुरली. पत्नी ल्युसिल यांचा केशभूषेचा व्यवसाय होता आणि अनेक वर्षे घरखर्च त्याच मिळकतीवर चालला. १९१७ मध्ये चँडलर ओवेन यांच्यासह त्यांनी 'द मेसेंजर' हे समाजवादी मासिक सुरू केले. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९१८ मध्ये दोघांना अटक झाली. असे लेखन या दोघांचे असू शकेल, यावर न्यायाधीशाचा विश्वासच बसला नाही आणि त्याने त्यांना सोडून दिले!

पोर्टरांची संघटना

पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर बहुतेक सर्व कृष्णवर्णीय असत. महिन्याला सुमारे ४०० तास काम करूनही त्यांचा संसार बक्षिसीवर अवलंबून असे. प्रवासी त्यांना सरसकट जॉर्ज या एकाच नावाने हाका मारीत. रॅन्डॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना नोकरीवरून काढू शकत नव्हती. ऑगस्ट १९२५ मध्ये त्यांनी पोर्टरांची संघटना उभारली. कंपनीने करारावर सही करायला १२ वर्षे लागली.

१९४१ चा मोर्चा

युद्धाच्या तयारीमुळे अमेरिकेतील कारखाने भरभराटीला आले; परंतु अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना झाडलोटीपलीकडे काम मिळत नव्हते. सैन्यातही त्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये रॅन्डॉल्फ यांनी इतर नेत्यांसह राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची भेट घेतली, पण हाती काहीच आले नाही. विनंत्यांचा उपयोग नाही, असा निष्कर्ष काढून जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी १०,००० लोकांच्या मोर्चाची हाक दिली. पुढे हा आकडा १,००,००० वर गेला. दिवस ठरला १ जुलै. मोर्चाची वार्ता गावोगावी नेण्यास रेल्वेने देशभर फिरणारे पोर्टर होतेच.

१८ जून रोजी राष्ट्राध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतले. कारखानदारांशी आपण दूरध्वनीवर बोलू, मोर्चा मागे घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. रॅन्डॉल्फ लेखी आदेशावर अडून राहिले. खरोखर किती माणसे येतील, या प्रश्नाला त्यांनी एक लाख असे उत्तर दिले. तेवढी माणसे जमली असती की नाही, हे सांगणे आजही कठीण आहे. सरकारने मात्र ती जोखीम पत्करली नाही. २५ जून रोजी कार्यकारी आदेश क्र. ८८०२ निघाला. सरकारी खाती व संरक्षण उद्योगांत वंश, धर्म, वर्ण वा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई झाली आणि तक्रारींसाठी समिती नेमली गेली. रॅन्डॉल्फ यांनी मोर्चा स्थगित केला.

सैन्यातील वर्णभेदाचा या आदेशात उल्लेखही नव्हता. अर्ध्या मागणीवर तडजोड केली म्हणून बायर्ड रस्टिन यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते संतापले. समितीला शिक्षेचे अधिकार नव्हते, त्यामुळे त्यांचा राग अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. तरीही संरक्षण उद्योगांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९४२ च्या सुरुवातीच्या सुमारे ३ टक्क्यांवरून १९४४ अखेर सुमारे ८ टक्क्यांवर गेले. अर्थात कामगारांची टंचाई हेही त्याचे मोठे कारण होते. १९४४ मध्ये फिलाडेल्फियात आठ कृष्णवर्णीयांना ट्राम चालवण्याचे काम देताच गोऱ्या कामगारांनी संप केला आणि तो मोडण्यासाठी लष्कर आणावे लागले.

मोर्चाची चळवळ रॅन्डॉल्फ यांनी युद्धकाळातही चालू ठेवली. भारतातील गांधीजींच्या सत्याग्रहाचा दाखला देऊन त्यांनी अहिंसक कायदेभंगाचा विचार मांडला, तेव्हा अनेक कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनीच त्यांच्यावर टीका केली.

उत्तरायुष्य

१९४६ मध्ये समिती बंद पडली. सैन्याची राहिलेली मागणी त्यांनी १९४८ मध्ये पुन्हा हाती घेतली. वर्णभेद पाळणाऱ्या सैन्यात भरती होऊ नका, असे तरुणांना सांगू, हा इशारा त्यांनी थेट ट्रुमन यांना दिला. २६ जुलै १९४८ रोजी सैन्यात समान वागणुकीचा आदेश क्र. ९९८१ निघाला.

वॉशिंग्टनवरील मोर्चा अखेर २८ ऑगस्ट १९६३ रोजी निघाला. नेतृत्व ७४ वर्षांच्या रॅन्डॉल्फ यांच्याकडे होते आणि व्यवस्था पाहत होते तेच रस्टिन. ल्युसिल यांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले होते. १९६४ मध्ये रॅन्डॉल्फ यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. १९६८ मध्ये ते संघटनेच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले.