खंजिरीच्या ठेक्यावर गाव

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आमच्या रोहिणखेडचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते लढायांमुळे. १४३७ मध्ये इथे एक लढाई झाली, १५९० मध्ये दुसरी. मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं हे माझं गाव. पण गावातली म्हातारी माणसं बोलायला बसली की लढाया कुणी काढत नाही. निघतो तो महाराजांचा विषय. आता बुलडाणा जिल्ह्यात नुसतं महाराज म्हटलं की शेगावचे गजानन महाराज, हे सांगायला नको. पण समोर खंजिरी असली, की मग महाराज म्हणजे तुकडोजी महाराज.

मेकॅनिकलच्या पोट्ट्याने मॅगझिनमध्ये संतावर काहून लिहावं, असं माझ्या रूम पार्टनरने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. त्यांच्या नावाने चमत्काराच्या कथा पुष्कळ सांगतात, त्या मी इथे सांगणार नाही. मला त्यांच्यातलं वेगळंच काहीतरी ओढून घेतं. शाळेत जेमतेम तिसरीपर्यंत गेलेला हा माणूस. ज्यांना गाणं शिकवलेलं नाही, ज्यातल्या कित्येकांना वाचता येत नाही, अशा हजारो लोकांना त्याने एका वेळी, एका चालीत गायला लावलं. आणि हे एकदा नाही, जन्मभर केलं. मित्रांनो, चाळीस जणांच्या प्रॅक्टिकल बॅचला एका वेळेवर लॅबमध्ये आणणं किती अवघड असतं, ते आपल्या सरांना विचारा!

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी झाला. वडील बंडोजी, आई मंजुळा, मुलाचं नाव माणिक. घरची गरिबी एवढी की शाळा अर्ध्यातच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. पोरगा भजन म्हणताना शेवटी तुकारामांचं नाव घ्यायचा, तेव्हा गुरूने त्याला स्वतःचं नाव घालायला सांगितलं आणि तुकड्या हे नाव दिलं, अशी आठवण सांगतात. भिक्षेच्या तुकड्यावर वाढलेला म्हणून तुकड्या, असंही सांगतात. काही असो, माणिकचा तुकड्या झाला आणि तेच नाव पुढे प्रत्येक भजनाच्या शेवटी येत राहिलं.

पोरवयातच ते घरातून निघाले. रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानावनांत राहिले. रानातून गावात आले की खंजिरी घेऊन भजन म्हणायचे. भजनं त्यांची स्वतःची, मराठीत आणि हिंदीतही, आणि बरीचशी तिथल्या तिथे जुळवलेली. १९३५ साली सालबर्डीला मोठा यज्ञ झाला, त्याला लाखांवर लोक जमले. वय किती, तर सव्वीस! म्हणजे आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे. एवढी गर्दी पायाशी येऊन पडली की माणसाचं काय होतं, हे आपण आजूबाजूला बघतोच. त्यांना बुवाबाजीचं दुकान आयतं मिळालं होतं. ते त्यांनी चालवलं नाही. त्याच सुमाराला अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला आणि जमलेल्या गर्दीला काम द्यायला सुरुवात केली. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला गेले आणि जवळपास महिनाभर राहिले. त्यानंतर त्यांच्या भजनात देवाच्या जोडीला देश, झाडू, चरखा, शिक्षण हे सगळं येऊन बसलं.

आता थोडं आपल्या विषयाकडे. खंजिरी म्हणजे काय, तर लाकडाचं एक कडं, एका बाजूला ताणलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या. एका हातात मावते, खांद्याला पिशवी असली की झालं. पेटीवाला नको, तबलजी नको, वीज नको. चकत्यांचा आवाज बारीक आणि धारदार असतो. माणसांच्या गळ्यांचा आवाज खालच्या पट्टीत घुमत असला तरी तो त्यातून आरपार ऐकू येतो. खेड्यातल्या उघड्या मैदानात ठेका सगळ्यांना कळवायचा असेल, तर याहून स्वस्त आणि टिकाऊ यंत्र मला तरी सुचत नाही.

लोकांना वाटतं, माणसं वाढली की आवाज वाढतो. वाढतो, पण आपल्याला वाटतो तेवढा नाही. एकाच्या जागी दहा जण गायले तर पातळी दहा डेसिबलने वाढते आणि कानाला ती साधारण दुप्पट वाटते. दसपट नाही! खरी अडचण मोठेपणाची नसते, वेळेची असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला पुढचा ठेका एक दशांश सेकंद उशिरा मिळतो. द्रुत चालीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची धरा. मागचा माणूस मात्रेच्या पाचव्या हिश्श्याने मागे पडला. त्याचा आवाज परत पुढे यायला आणखी तेवढाच वेळ. आता पुढचा म्हणणारा जर मागच्यांचं ऐकून त्यांच्यासाठी थांबत गेला, तर मागचे आणखी थांबतात आणि चाल पडत पडत मरते. आपल्या गणपतीच्या आरतीचं दरवर्षी हेच होतं. तिसऱ्या कडव्यापर्यंत तिसरा मजला आणि तळमजला वेगवेगळी आरती म्हणत असतात.

यावर उपाय काय? ओळी आखूड ठेवायच्या, चाल सोपी ठेवायची, एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी झेलायचं, आणि पुढच्याने आपला ठेका सोडायचा नाही. भजनाची रीत नेमकी हीच आहे. ती महाराजांनी शोधली असं मी म्हणत नाही, ती वारकऱ्यांकडून शेकडो वर्षं चालत आली. महाराजांनी पुढची पायरी घेतली. एकच प्रचंड मेळा स्वतःभोवती फिरवत ठेवण्याऐवजी त्यांनी गावागावात छोटे मेळे उभे केले. १९४३ मध्ये अखिल भारतीय श्री गुरुदेव सेवा मंडळ स्थापन झालं. शाखा गावची, माणसं गावची, खंजिरी गावची. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. ठरलेली वेळ, सरळ रांगा, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. महाराज त्या गावात असोत की नसोत.

त्या सरळ रांगेकडे जरा थांबून बघा. आपल्याला त्यात फक्त शिस्त दिसते. पण ज्या काळात गावाची विहीर वेगळी, पाणवठा वेगळा, देवळाचा उंबरठा कुणासाठी बंद, त्या काळात रांगेत कोण कुणाच्या शेजारी बसलं याला फार मोठा अर्थ होता. एका सतरंजीवर बसायचं, एका वेळी श्वास घ्यायचा, शेजारच्याचा सूर कानावर घेऊन आपला सूर त्याला जुळवायचा. ज्याच्या हातचं पाणी पीत नाही त्याचा सूर मात्र घ्यावाच लागतो, नाहीतर गाणं होत नाही. हे भाषण देऊन झालं नसतं. सगळं बदललं का? नाही. प्रार्थना संपल्यावर आपापल्या आळीत जाणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण रोजचा अर्धा तास तरी गाव एका रांगेत बसत होतं, आणि त्या अर्ध्या तासाची सवय काहींच्या उरलेल्या दिवसातही उतरली.

गाणं म्हणजे निरुपद्रवी करमणूक, असं कुणाला वाटत असेल तर त्याने १९४२ आठवावं. चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा ही आपल्या विदर्भातली गावं त्या ऑगस्टमध्ये पेटून उठली. चिमूरला नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्टला, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर नावाचा कोवळा पोरगा गेला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग फौज आली आणि गावावर, विशेषतः बायांवर, जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. या भागात महाराजांची भजनं घरोघर पोचलेली होती, आणि लोकांना उठवलं ते त्या भजनांनी, हे सरकारनेही ओळखलं. ऑगस्टअखेर चंद्रपूरला त्यांना अटक झाली. आधी नागपूरचा तुरुंग, मग रायपूरचा, आणि सुटका डिसेंबरात. आष्टी-चिमूरच्या कित्येकांना फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या पुढे १९४५ मध्ये जन्मठेपेवर आल्या.

तेहतीस वर्षांच्या माणसाने आपल्या गाण्याचा एवढा मोठा हिशेब बघितला. बाहेर आल्यावर त्यांनी गाणं सोडलं नाही, पण त्याच्याखाली पाया घालायला घेतला. सेवा मंडळाची रीतसर स्थापना सुटकेनंतर लगेच पुढच्या वर्षीची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. क्षणभर पेटणारी गर्दी आणि रोज जमणारा समूह यांतला फरक त्यांच्याइतका जवळून फार थोड्यांनी पाहिला असेल.

पुढचं आयुष्य म्हणजे नुसता प्रवास. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवलं. विनोबांच्या भूदानासाठी ते गावोगाव फिरले. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेत गेले, तिथेही खंजिरी सोबत. जपानी माणसाला मराठी काय कळणार, पण ठेका तर कळतो! त्याच सुमारास ग्रामगीता पुरी झाली. ४१ अध्याय, ४,६७५ ओव्या. ग्रामसफाई, आरोग्य, गोपालन, स्त्रियांची उन्नती, लग्नातला खर्च, सण कसे करावेत, सगळं त्यात आहे. ओवी का, तर ती म्हणता येते. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकून पाठ होते. आपल्या भाषेत सांगायचं तर गाव चालवण्याचं हे मॅन्युअल, पण चालीत बसवलेलं. १९५६ मध्ये भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले, १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही होते. गांधीवाले त्यांना आपले म्हणतात, साधू आपले म्हणतात, सर्वधर्मवाले आपले म्हणतात. या ओढाओढीत मला पडायचं नाही. पण सर्वांना आपला वाटावा असा माणूस सर्वांना थोडासा अडचणीचाही असतो, एवढं खरं. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत ते जवानांसाठी सीमेवर जाऊन गायले.

शेवटी कॅन्सरने गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंजात ते गेले. वय ५९.

आता खरा प्रश्न. चालवणारा गेला की समूहाचं काय होतं? आपल्या कॉलेजातच बघा. वाद्यवृंद, नाटकाचा ग्रुप, रोबोटिक्सचा क्लब, सगळ्यांचं एकच दुखणं. एक धडपड्या सीनियर असतो, तो पास आऊट होतो आणि पुढच्या वर्षी कपाटाची किल्लीसुद्धा सापडत नाही. महाराजांच्या बाबतीत तसं झालं नाही. तुकारामदादा गीताचार्यांसारख्यांनी ग्रामगीता घेऊन चंद्रपूरकडची गावं पालथी घातली. विदर्भात खंजिरी भजनाच्या स्पर्धा आजही होतात, अकोटच्या सत्यपाल महाराजांनी सात खंजिऱ्यांवर व्यसनमुक्तीचं कीर्तन उभं केलं. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या माणसाचं नाव हजारो पदव्यांवर छापलं जातं, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही. पदवी फ्रेममध्ये जाते, पण त्या नावाचा माणूस काय करत होता हे कितीकांना ठाऊक असतं?

मला सगळ्यात जास्त भिडते ती मोझरीची एक रीत. दरवर्षी पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, लाखभर लोक गुरुकुंजात उभे असतात. ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे मूक होतात. खंजिरी नाही, टाळ नाही, भजन नाही. ज्याने आयुष्यभर लोकांना एकत्र गायला शिकवलं, त्याला ते एकत्र गप्प राहून आठवतात. वर हिशेब केला ना, आवाज मागच्या रांगेला उशिरा पोचतो म्हणून? शांततेला तो उशीर नाही. पण लाख माणसं एका मिनिटाला गप्प होतात, ती आधी वर्षानुवर्षं एका वेळेवर बसायला शिकलेली असतात म्हणून.

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलात किती जिल्ह्यांची पोरं आहेत! जेवताना टेबलं कशी वाटली जातात ते मेसमध्ये सगळ्यांना दिसतं, बोलत कुणी नाही. गॅदरिंगला डीजे लावला की सगळे नाचतात, पण तिथे शेजारच्याचा आवाज ऐकावा लागत नाही. एकत्र गायला मात्र तो ऐकावाच लागतो. कोणतं गाणं म्हणायचं ते आपण ठरवू. देवाचं असो, देशाचं असो, नाहीतर नुसतं पावसाचं. परीक्षा संपल्यावर शनिवारी रात्री साडेनऊला टेरेसवर यायचं, एवढंच ठरवू. खंजिरी माझ्याकडे आहे. ठेका चुकला तरी चालेल, रांगेत मात्र जिल्हा बघून बसायचं नाही.