केरीची सूरश्री : केसरबाई केरकर

अंत्रुज महालातील केरी हा डोंगर आणि कुळागरांच्या कुशीत वसलेला गाव. पोर्तुगीज अमलात सांकवाळहून स्थलांतरित झालेली श्री विजयादुर्गा येथेच विसावली. याच गावी १३ जुलै १८९२ रोजी, कलावंत समाजातील एका घराण्यात केसरबाईंचा जन्म झाला. गोमंतकातील देवालयांत उत्सवप्रसंगी या समाजाची गायनसेवा रुजू होत असे. महाजनकीचा मान मात्र त्याच्या वाट्याला आला नाही. महाजनांच्याच स्मरणिकेत लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे प्रस्तुत लेखकास प्रशस्त वाटत नाही.

वयाच्या आठव्या वर्षी केसरबाईंनी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिक्षण घेतले. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. पुढे मुंबईत सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही त्या शिकल्या. परंतु कोणतीच तालीम सलग टिकली नाही. अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व लाभले. तिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली आणि १९४६ साली गुरूंचे निधन होईपर्यंत ती सोडली नाही.

खुला, भारदस्त आवाज, दीर्घ दमसास आणि लयीला बिलगून चालणारी पेचदार तान यांनी त्यांनी जयपूर-अत्रौली गायकीचे वैभव देशभर पोहोचविले. १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी अर्पण केली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. साठोत्तरी दशकाच्या मध्यास त्यांनी स्वेच्छेने मैफलींचा निरोप घेतला. विद्यादानात त्या फार चोखंदळ होत्या. धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी आपली विद्या दिली.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दोन ‘व्हॉयेजर’ याने अंतराळात सोडली. जगातील निवडक संगीताच्या तबकडीवर केसरबाईंची भैरवीही त्यांतून गेली. दुसऱ्या उड्डाणानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, मुंबईत त्यांची प्राणज्योत मालवली. २०१२ आणि २०१८ साली त्या यानांनी सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली.

केरीतील माध्यमिक विद्यालयास आज त्यांचे नाव आहे. तेथील मुलांना पद्मभूषणाबरोबरच, न मिळालेल्या त्या मानाचीही हकिकत सांगितली जावी, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.