दुष्काळ सोसला, दुष्काळात धावली

मैत्रिणींनो, पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? पांढरी साडी, कापलेले केस, तोंडपाठ संस्कृत आणि मग धर्मांतर. शाळेच्या पुस्तकातला एक धडा. पण मला मात्र त्या आठवतात त्या कुठे पूर आला, दुष्काळ पडला, की हमखास. आपल्याकडे आपत्ती आली की मदतीला हात कमी पडत नाहीत. धान्य येतं, साड्यांचे ढीग लागतात. पंधरा दिवसांनी मात्र सगळं शांत होतं. ज्या घरावर आभाळ कोसळलं, त्या घरातल्या पोरीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. रमाबाईंनी तेच विचारलं. कारण एके काळी ती पोर त्या स्वतःच होत्या.

त्यांचा जन्म १८५८चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांची बोलणी खाल्ली. पुढे त्याच आईनं रमेला शिकवलं. तीर्थाला जायचं, पुराण सांगायचं, मिळेल ती दक्षिणा घ्यायची, असं हे फिरतं कुटुंब होतं. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. रमा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. आधी वडील गेले. पाठोपाठ आई आणि मग थोरली बहीणही गेली.

आईच्या वेळची गोष्ट वाचताना माझ्या पोटात कालवतं. तिरडीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघे जण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथी रमा. उंची कमी, खांदा पुरेना, म्हणून तिनं आपला भार डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैलांवर होतं.

त्यानंतर ही बहीण-भावंडं देशभर पायी फिरली. रानातली बोरं बियांसकट गिळली. थंडीत पांघरूण नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डे खणून, मानेपर्यंत वाळू ओढून रात्र काढली. जवळ होतं काय? फक्त आईनं शिकवलेलं संस्कृत. त्याच बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

पण सुख फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२च्या सुरुवातीला पतीही कॉलऱ्यानं गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही पोर. अशी बाई पुण्याला आली आणि रडत बसली नाही. तिनं आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींच्या शाळांना बायकाच शिक्षिका हव्यात आणि मुलींना वैद्यकीय शिक्षण खुलं हवं, असं ठणकावून सांगितलं. बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि अंगावर काढून मरतात, हे त्या जाणून होत्या.

त्यांना स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं, पण ऐकू कमी येऊ लागल्यामुळे ते राहूनच गेलं. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा तो सोहळा बघायला रमाबाई मुद्दाम गेल्या. मग तिथे गावोगाव भाषणं दिली, पुस्तक लिहिलं, पैसे उभे केले आणि परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढे ते पुण्याला हललं.

सुरुवातीला विद्यार्थिनी किती? दोन! त्यातली एक कोकणातली बालविधवा गोदूबाई. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. आपल्या बाया कर्वे त्या ह्याच. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, बायांनी त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. घरसंसार सांभाळून बाहेरून परीक्षा देत तिथून पदवी घेतलेल्या बायका आपल्या छोट्या गावांतही सापडतील.

सगळं काही गोड नव्हतं हं. सदनात मुलींना बाटवतात, असा पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. रमाबाईंच्या धर्माबद्दल आजही मतं वेगवेगळी आहेत, असोत. पण पुढचं काम बघा.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्याच तरुणपणाची आठवण उसळून आली आणि रमाबाई थेट तिकडे गेल्या. सरकारी मदत छावण्यांत अन्न होतं, पण तरुण मुली तिथेही सुरक्षित नव्हत्या. त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसं तिथलीच होती. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून पुण्यापासून जवळच केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. घरं बांधून झाली नव्हती, तर तंबू ठोकले. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या. संख्या दीड हजारांच्या पुढे गेली.

या मुली काही गुणी बाळं नव्हत्या. उपासमार आणि अत्याचार सोसून आलेल्या. कुणी चोरून खाई, कुणी अंगावर धावून येई, कुणाचा कुणावर विश्वास नसे. त्यांना नुसतं पोटभर वाढून भागणार नव्हतं. शारदा सदनात शिकलेल्या जुन्या मुलीच त्यांच्या शिक्षिका झाल्या, सांभाळणाऱ्या झाल्या. स्वतः दुःख भोगलेली बाई शेजारी असली की निम्मं ओझं उतरतं, हे आपल्याला सांगायला नको. मग हळूहळू अक्षरं आली. जोडीला हातमाग, शिवण, शेती, दूधदुभतं, छापखाना. पोट भरलं, मन सावरलं आणि हाताला कामही मिळालं. ही तिन्ही एकत्र हवीत, हे रमाबाईंनी दाखवून दिलं.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. लेकीमागोमाग ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. केडगावचं काम अजून चालू आहे.

मैत्रिणींनो, पीक बुडालं, घर वाहून गेलं की पहिलं कॉलेज सुटतं ते मुलीचं. तिचं लग्न उरकायची घाई होते. आपल्या महिला मंडळाला केडगाव उभारता येणार नाही. पण अशा एका मुलीची फी, एसटीचा पास किंवा खानावळीचे पैसे आपण दहा जणी मिळून नक्की भरू शकतो. आणि आठवड्यातून एकदा तिच्याजवळ बसून तिचं ऐकून घेऊ शकतो. एवढं तर जमेल ना?