हद्दीचा तंटा आणि बॅरन रिओ ब्रांको

शेजारच्या राष्ट्रास वाटाघाटींत तिळभर सवलत देणारा मंत्री म्हणजे देशबुडवा, असा समज आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांतही रूढ आहे. हा समज किती पोकळ आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ब्राझीलचे परराष्ट्रमंत्री बॅरन रिओ ब्रांको यांचें चरित्र अवश्य अभ्यासावें.

यांचा जन्म १८४५ सालीं रिओ द जानेरो शहरीं झाला. गुलाम स्त्रियांच्या पोटीं जन्मणारीं मुलें स्वतंत्र ठरविणारा १८७१ चा कायदा यांच्या वडिलांच्याच प्रधानकीच्या कारकीर्दींत झाला. चिरंजीवांनीं कायद्याचें शिक्षण घेतलें, कांहीं काळ वृत्तपत्र चालविलें, आणि १८७६ पासून लिव्हरपूल येथें कॉन्सलच्या जागेवर असतां जुने नकाशे, सनदा व तह यांचा व्यासंग केला. हा व्यासंगच पुढें देशास फौजेपेक्षां अधिक उपयोगी पडला. पाल्मास प्रांताविषयीं आर्जेन्टिनाशीं असलेल्या वादांत अमेरिकेचे अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं १८९५ सालीं, व फ्रेंच गियानाच्या सरहद्दीच्या वादांत स्विस सरकारनें १९०० सालीं, ब्राझीलच्या बाजूनें निवाडा दिला. दोन्ही खेपेस ब्राझीलची कैफियत यांनींच मांडिली होती.

१९०२ सालीं परराष्ट्रखातें हातीं आलें तेव्हां आक्रे प्रांत पेटलेला होता. प्रांत बोलिव्हियाचा, पण रबराचा चीक काढण्यासाठीं तेथें वसलेले लोक ब्राझीलचे, व त्यांनीं बंड पुकारलेलें. बोलिव्हियानें तर प्रांताचा कारभार एका परदेशी मंडळीस मक्त्यानें दिला होता. रिओ ब्रांको यांनीं फौज पाठविली हें खरें. पण निकाल फौजेवर सोंपविला नाहीं. मक्तेदारांस पैसे देऊन त्यांनीं दूर केलें, आणि १७ नोव्हेंबर १९०३ रोजीं पेट्रोपोलिस येथें तह करून प्रांताच्या मोबदल्यांत बोलिव्हियास २० लक्ष पौंड, थोडा मुलूख व रेल्वे बांधून देण्याचें वचन दिलें. दुर्बळ शेजाऱ्यास इतकें कशास द्यावें, असा ओरडा झालाच. रुई बार्बोझा यांच्यासारख्या विद्वान सहकाऱ्यानेंही वाटाघाटींतून अंग काढून घेतलें. रिओ ब्रांको डगमगले नाहींत.

त्यांची खरी थोरवी १९०९ सालीं दिसली. १८५१ च्या तहान्वयें मिरिम सरोवर व यागुआरोन नदी यांवर एकट्या ब्राझीलचा अधिकार होता. उरुग्वेच्या अंगीं तो हिसकावून घेण्याचें बळ नव्हतें. तरीही त्यांनीं मोबदल्यावांचून उरुग्वेस त्यांत वांटा दिला.

त्यांच्या कार्यांत उणें नव्हतें असें नाहीं. आक्रेच्या अरण्यांतील मूळ रहिवाशांस कोणींच विचारलें नाहीं, व वचन दिलेली रेल्वे बांधतांना शेंकडों मजूर तापानें मेले. हद्द आंखणाऱ्यांनीं हद्दीवर राहणाऱ्यांस विसरूं नये, हाही बोध येथून घ्यावा.

१० फेब्रुवारी १९१२ रोजीं ते मंत्रिपदावर असतांनाच वारले. आम्ही राष्ट्राभिमानी आहों. म्हणूनच म्हणतों कीं, हक्काचें तें पुराव्यानें मिळवावें आणि न्यायाचें तें मागणाऱ्यास द्यावें. असें करणाऱ्या मंत्र्यावर आमच्याच वृत्तपत्रांनीं देशद्रोहाचा शिक्का मारला, तर शेजाऱ्यांशीं सलोखा करावयास पुढें येणार कोण?